सिंगापूरची चार रात्रींची क्रूझ: खरा खर्च किती, आणि आईबाबांचा प्रवास विमा घ्यावा का?

कळवेकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

येत्या फेब्रुवारीत आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. बाबा ७४, आई ६९. बाबांना बावीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, आणि तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय. आईचे गुडघे दुखतात, जिना उतरताना कठडा लागतोच. दोघांचा समुद्रप्रवास म्हणजे गेटवेवरून मांडवा, तेवढाच. आयुष्यभर त्यांनी आमच्यासाठी खर्च केला, म्हणून ठरवलं की सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं. आम्ही दोघं, दोन मुलं (१३ आणि ९), आईबाबा, असे सहा जण. सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री.

एजंटने पहिल्यांदा आकडा सांगितला २,८०,०००. आईबाबांना बाल्कनीची केबिन, आम्हा चौघांना एक आतली. मी खूश. मग रविवारी वही घेऊन बसलो. बंदर शुल्क आणि कर वेगळे, ५७,०००. सक्तीची टिप माणशी दर रात्री साडेअठरा डॉलर, लहान मुलांनाही तीच. सहा जण, चार रात्री म्हणजे ४४४ डॉलर, ८८ रुपयांनी धरले तर ३९,०००. मुंबई-सिंगापूर विमान जाऊन येऊन १,९२,०००. सिंगापुरात दोन रात्री दोन खोल्या ६०,०००. व्हिसा एजंटच्या फीसकट २१,०००. दोन बंदरांवर उतरून फिरायचे ४०,०००. जहाजावरचं वायफाय दोन फोनला १४,०००. सिंगापुरातलं टॅक्सी-जेवण ३०,०००. बेरीज ७,३३,०००. परत दोनदा केली, तेवढीच आली.

एवढं झाल्यावर एजंट म्हणतो, "विमा हवा असेल तर सहा जणांचा मिळून ११ हजारांत टाकतो, बहुतेक लोक घेत नाहीत." बायको म्हणते घ्यायचाच. मला वाटतं आधीच बजेट फाटलंय. बाबांची मेडिक्लेम आहेच, शिवाय माझ्या क्रेडिट कार्डावर फुकट प्रवास विमा आहे म्हणे.

तर दोन प्रश्न. खर्चात कुठे कात्री लावता येईल? आणि विमा खरंच लागतो का? जाणकारांनी सांगावं.

मरिना_साउथ
अभिनंदन आईबाबांचं! सिंगापुरात चौदा वर्षं राहते, इथून तीनदा क्रूझ केली आहे, म्हणून थोडं लिहिते.

आधी तारीख बघा. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या मध्ये कधीही येतं. त्या आठवड्यात इथली निम्मी माणसं सुट्टीवर निघतात, क्रूझचे आणि हॉटेलचे दोन्ही दर चढतात. लग्नाचा वाढदिवस नेमका त्या दिवसांत नसेल तर आठवडाभर इकडेतिकडे करून दर विचारा. वहीतल्या कुठल्याही ओळीपेक्षा इथे जास्त पैसे वाचतील.

दुसरं, निघायच्या दिवशी सकाळी उतरणारं विमान घेऊ नका. सिंगापुरातल्या तुमच्या दोन रात्रींपैकी एक क्रूझच्या आधीची असू द्या, ती कापू नका. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. बहुतेक जहाजं मरिना बे क्रूझ सेंटरवरून सुटतात. मरिना साउथ पिअर मेट्रो जवळ आहे, पण सामान आणि आईंचे गुडघे बघता टॅक्सीच करा.

व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे कागदावर वाचून बघा. जहाजावर चढलात की तुम्ही सिंगापूर सोडलं, चार दिवसांनी पुन्हा आत यायचंय. एसजी अरायव्हल कार्डही (सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) दोनदा भरायचं, विमानाने येताना आणि जहाजाने परतताना. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर फुकट भरता येतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्स आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आणि बंदर सुटलं की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागतो, नेहमीचा रोमिंग पॅक तिथे चालत नाही. ओळखीच्या एका कुटुंबात मुलाचे व्हिडिओ आपोआप अपलोड होत राहिले, बिल बघून ते हबकलेच.

दोन_तिकिटं
आमचा अनुभव वेगळा आहे, तोही नोंदवतो. आम्ही दोघं तिशीतले. मागच्या हिवाळ्यात मुंबई-गोवा-मुंबई केली, विमा घेतला नाही. हिशोब असा केला की वाईटात वाईट काय, तर तिकिटाचे पैसे बुडतील, ते आम्हाला झेपण्यासारखे होते. गोव्यात काही झालंच असतं तर आमची मेडिक्लेम तिथल्या रुग्णालयात चालली असती.

कळवेकर, तुमच्यासाठीही देशातलीच क्रूझ बरी नाही का? पासपोर्ट नको, व्हिसा नको, विमान नको. बॅलार्ड पिअरवरून चढायचं. सात लाखांच्या जागी दोन-अडीच लाखांत होईल.

कळवेकर
मनात आलं होतं. पण बाबांना एकदा सिंगापूर बघायचंय. त्यांच्या कंपनीतले चार जण ८९ साली ट्रेनिंगला गेले होते, बाबांचं नाव ऐनवेळी गळलं. तेव्हा सिंगापूर पक्कं. विमा मात्र अजून पक्का नाही.

रानजाई
मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. हाच मार्ग, हेच वय. दोन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई ७१ च्या होत्या.

दुसऱ्या रात्री दोन वाजता त्यांना दम लागला. झोपेत वाईट स्वप्न पडलं असेल असं वाटलं, पण बोलताना वाक्य पुरं होईना. केबिनमधल्या फोनवर आणीबाणीचा नंबर लिहिलेला असतो, तो लावला. पाच मिनिटांत दोघं व्हीलचेअर घेऊन आले. जहाजाचा दवाखाना अगदी खालच्या मजल्यावर, इंजिनाची घरघर पायाखाली जाणवते. ईसीजीच्या पट्ट्या लावायला नर्सने त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या साबण लावून एकेक उतरवल्या आणि कागदी पेल्यात घालून माझ्या हातात दिल्या. तो पेला धरून मी पहाटेपर्यंत बसले होते.

हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. डॉक्टर चांगले होते, वेळेत औषध दिलं. पण ते म्हणाले, मी यांना पुढे नेऊ शकत नाही, सकाळी पिनांगला उतरवावं लागेल. रात्रीतून ठरवायचं की कोण उतरणार आणि मुलांबरोबर कोण थांबणार. मी आणि ह्यांनी उतरायचं, मुलं नणंदेकडे. सामान भरणं, रिसेप्शनवरून पासपोर्ट घेणं, सह्या करणं, सगळं तासाभरात. जहाजाच्या दवाखान्याचं बिल १,९०० डॉलर, ते सरळ केबिनच्या खात्यावर चढलं आणि उतरताना कार्डातून कापून गेलं. तिथे कॅशलेस वगैरे काही नाही.

धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. रुग्णालयाने दाखल करायच्या आधी दहा हजार रिंगिट (मलेशियाचं चलन) डिपॉझिट मागितलं. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर मी जहाजावरूनच फोन केला होता, तरी त्यांचं हमीपत्र यायला सात तास लागले. तोवर ह्यांच्या कार्डावर. तीन रात्री दाखल, मग विमानप्रवासाला योग्य असल्याचा दाखला, नवी तिकिटं.

नंतर जवळपास सगळं मिळालं, दोन महिन्यांनी. वजावटीचे, म्हणजे दाव्यातले आपणच सोसायचे, १०० डॉलर गेले, आणि जहाजावरच्या न वापरलेल्या दोन रात्रींचे पैसे आमच्या पॉलिसीत नव्हते. जहाजाचं बिल मंजूर झालं ते मी तपशीलवार बिल आणि डॉक्टरांचा शिक्का मागून घेतला म्हणून. नुसत्या खात्याच्या पावतीवर "मेडिकल" एवढंच छापलेलं असतं.

विमा नसता तर आम्ही कर्ज काढलं असतं आणि सासूबाईंना त्याचा विचार सोडवला नसता. त्या आज ठणठणीत आहेत. कळवेकर, अकरा हजारांचा विचार करू नका, प्लीज.

पॉलिसी_वाचा
रानजाईताईंनी लिहिलंय ते प्रत्येकाने वाचावं. मी २८ वर्षं विमा क्षेत्रात काढली, त्यातली बरीच दाव्यांच्या टेबलावर. कळवेकर, "घ्यावा का" याचं उत्तर हो. पण एजंटचा तो ११ हजारांचा विमा तसाच घेऊ नका, त्याने बाबांचं भलं होईलच असं नाही. जरा सविस्तर लिहितो.

बाबांची भारतातली मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्याच उपचारांना लागू असते. परदेशाचं कलम असल्याशिवाय पिनांगमध्ये तिचा उपयोग नाही. क्रेडिट कार्डावरचा फुकट विमा बहुतेक विमान अपघात आणि सामान यांचा असतो, वैद्यकीय असला तर रक्कम तुटपुंजी, तिकीट त्याच कार्डावर काढल्याची अट, आणि आईवडील त्यात बहुधा येतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा: पूर्वीपासूनचा आजार. बाबांचा मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, तिन्ही त्यात येतात. साध्या पॉलिसीत अशा आजारातून उद्भवलेलं दुखणं एकतर वगळलेलं असतं, नाहीतर फक्त जिवावर बेतलं तर आणि एका मर्यादेपर्यंतच मिळतं. म्हणजे मोठ्या अक्षरात ५० हजार डॉलर लिहिलेलं असतं आणि आतल्या पानावर या प्रकाराला त्याचा छोटासा भाग. साठीच्या वरच्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागते, खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांवर वेगवेगळ्या उपमर्यादा. एजंट हे पान दाखवत नाही. पॉलिसी वर्डिंगची, म्हणजे पूर्ण अटींची, पीडीएफ मागा आणि त्यात पूर्वीपासूनचा आजार (pre-existing disease) आणि उपमर्यादा (sub-limit) हे दोन शब्द शोधा. जाहीर केलेला जुना आजार धरणाऱ्या पॉलिसी बाजारात आहेत, हप्ता जास्त असतो, कधी वैद्यकीय कागद मागतात. सत्तरीच्या वरच्या, स्टेंट असलेल्या माणसाला तीच घ्यायची.

दुसरं, प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज. गोळ्यांची यादी पूर्ण द्या. काहीही लपवू नका.

तिसरं, सहल रद्द झाल्याचं संरक्षण. यात कारणं ठरलेली असतात: प्रवाशाला किंवा अगदी जवळच्या नातेवाइकाला गंभीर आजार, मृत्यू, असं. मन बदललं, रजा मिळाली नाही, याला काही मिळत नाही. व्हिसा नाकारला गेला तर तेही साध्या पॉलिसीत बहुधा नसतं. आणि हे संरक्षण पॉलिसी घेतल्या दिवसापासून लागू होतं, म्हणून क्रूझचे पैसे भरले की लगेच विमा घ्या. निघायच्या आदल्या दिवशी घेतलात तर मधले तीन महिने तुम्ही उघड्यावर. क्रूझ कंपनीचे रद्द करण्याचे नियम पायऱ्यापायऱ्यांचे असतात, सुटायची तारीख जवळ येईल तसा परतावा घटत जातो आणि शेवटच्या दिवसांत शून्यावर येतो. त्या तारखा कागदावर लिहून फ्रिजला लावा.

आणखी एक, वादळामुळे एखादं बंदर वगळून जहाज पुढे गेलं तर तो कंपनीचा अधिकार आहे. फार तर त्या बंदराचं शुल्क परत मिळतं. त्यावर विम्याची फार आशा ठेवू नका.

देवगडी
"काहीही लपवू नका" याला माझा अनुभव जोडतो. आमच्या वडिलांच्या वेळी विकणारा माणूस म्हणाला, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल. आम्ही ऐकलं. परदेशात पायाला जखम झाली, चिघळली, सहा दिवस रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरने केस पेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलं, पंधरा वर्षांचा मधुमेही. दावा नामंजूर. विमा लोकपालांकडे पुण्याला गेलो. तिथे फी नसते, वकील लागत नाही, माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण फॉर्मवर वडिलांची सही होती आणि मधुमेहासमोर "नाही" होतं. विकणारा तोंडी काय म्हणाला याला पुरावा कुठून आणणार? साडेचार लाख गेले. वडिलांना अजून वाटतं त्यांच्यामुळे गेले. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

पॉलिसी_वाचा
देवगडी, वाईट वाटलं वाचून. इतरांसाठी: खऱ्या माहितीवर घेतलेल्या पॉलिसीचा दावा अन्यायाने नाकारला तर लोकपालांकडे जरूर जा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यायचं, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर लोकपाल. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे, लोकांना तिथे न्याय मिळालेला पाहिलाय.

दोन_तिकिटं
माझा हिशोब आमच्यापुरता बरोबर होता, पण आईबाबांच्या बाबतीत मी चुकत होतो हे मान्य. बुडणारी रक्कम तिकिटाएवढीच असेल असं मी धरून चाललो होतो.

धक्क्यावरचा
तरुण मंडळींनो, माझं वय ७८. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने विजयदुर्गाला जायचो. डेकवर चटई टाकायची, पत्र्याच्या ट्रंकेला टेकून झोपायचं, आणि आई सगळ्यांना बोट लागू नये म्हणून आलेपाक वाटायची. बऱ्याच ठिकाणी बोट लांब उभी राही आणि पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येत. वरखाली हलणाऱ्या पडावात खलाशी आम्हाला हाताला धरून अक्षरशः उतरवून घेत.

हे सांगायचं कारण, मागच्या वर्षी मुलाने मला याच क्रूझवर नेलं. पिनांगला जहाज धक्क्याला लागतं, व्हीलचेअर थेट खाली जाते. फुकेतला मात्र पाटोंगच्या समोर जहाज नांगर टाकून उभं राहिलं आणि छोट्या बोटीने किनारा. म्हणजे पुन्हा पडावच! समुद्र थोडा जरी हलत असला तरी पाय उचलून टाकावा लागतो. माझ्या बायकोचे गुडघे बघून तिथल्या मुलाने हात जोडून नको म्हटलं. आम्ही दोघं जहाजावरच थांबलो. सगळी गर्दी उतरलेली, वरच्या डेकवर दहा-बारा म्हातारी माणसं आणि समोर निळं पाणी. खरं सांगतो, चार दिवसांतला तो सगळ्यात सुंदर दिवस.

तेव्हा कळवेकर, आईबाबांचे फुकेतच्या सहलीचे पैसे आधीच भरू नका. बोट लागण्याची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या. बाबांच्या इतर गोळ्यांबरोबर चालते का ते तेच सांगतील.

रानजाई
काकांच्या म्हणण्याला जोड: औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. चढताना बॅगा ते घेतात आणि केबिनवर यायला संध्याकाळ होते. इन्सुलिन असेल तर केबिनच्या फ्रिजबद्दल आधी कळवा. आणि तुम्ही स्वतःहून बंदरावर फिरायला गेलात तर परत यायची वेळ घट्ट पाळा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं, स्वतः गेलेल्यांसाठी बघत नाही.

मरिना_साउथ
खर्चाचा एक मुद्दा राहिला. टूर पॅकेज म्हणून घेतलंत तर एजंट टीसीएस (विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर) लावेल. तो खर्च समजू नका, ज्याच्या पॅनवर कापला त्याला रिटर्नमध्ये वळता किंवा परत मिळतो. दर बजेटमध्ये बदलत आलाय, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशीचा विचारा आणि ज्याचं रिटर्न नियमित भरलं जातं त्याच्याच पॅनवर घ्या. जहाजावर सगळा व्यवहार डॉलरमध्ये होतो, भारतीय कार्डावर चलन बदलाचे दोन-साडेतीन टक्के वर लागतात, ते वहीत धरा. पेयांचं पॅकेज तुमच्या घरात कुणाला लागत नसेल तर अजिबात घेऊ नका, चहा-कॉफी-पाणी बुफेवर असतं.

कळवेकर
दहा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, तुमचा प्रतिसाद बायकोने मोठ्याने वाचून दाखवला, घरात कुणी काही बोललं नाही.

काय काय ठरलं ते सांगतो. तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ढकलली, क्रूझ आणि हॉटेल मिळून ४१,००० कमी झाले. वायफाय एकाच फोनला. फुकेतची सहल फक्त आम्हा चौघांची.

विमा एजंटकडून घेतला नाही. तीन कंपन्यांच्या पीडीएफ वाचल्या, दोन संध्याकाळी गेल्या. एकीत स्टेंट सरळ वगळलेला होता. (ती एजंट देत होता तीच.) शेवटी जाहीर केलेला जुना आजार धरणारी घेतली. बाबांचा हप्ता ९,८००, आईचा ४,१००, आम्हा चौघांचे मिळून ३,६००. एकूण १७,५००. क्रूझचे पैसे भरले त्याच दिवशी काढली.

प्रपोजल फॉर्म भरताना मी लॅपटॉपवर टाइप करत होतो. बाबा म्हणाले थांब, आणि आतून त्यांची जुनी डायरी घेऊन आले. २००३ पासूनच्या सगळ्या गोळ्या, कोणती कधी सुरू झाली, कोणती कधी बंद, डॉक्टरांचं नाव, तारखेसकट. मला माहीतच नव्हतं हे ते लिहितात. मी वाचत गेलो, ते चष्मा लावून माझ्या स्क्रीनवर एकेक ओळ तपासत होते. एका गोळीचा डोस मी चुकवला होता, तो त्यांनी दुरुस्त करून घेतला.

एकच शंका उरली. मुंबई आणि सिंगापूर विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवली आहे. जहाजावर चढताना आयत्या वेळी मागितली तर मिळते का, की तीही आधी कळवावी लागते?

मरिना_साउथ
आधीच कळवा, एजंटकडून लेखी पोचपावती घ्या. टर्मिनलवर चढण्या-उतरण्यापुरती ते देतात, चार दिवस केबिनजवळ हवी असेल तर स्वतःची न्यावी लागते. इथे भाड्याने मिळते, एका दुकानात मी सासऱ्यांसाठी घेतली होती. तुम्ही तारीख कळवा, मी जाऊन दर विचारून येते.